चार मिस कॉल

चिऊ आमच्या घरी आली ती २७ एप्रिल २०२१ला, संध्याकाळी सहाच्या सुमारास. पाठीला शाळेचं दप्तर, तोंडावर दोन मास्क आणि हातात तिच्या बाबांचा फोन. आमच्या ह्यांनी ई-पास काढून पिंपरीहून तिला आणलं होतं. ती मागच्या सीटवर, हे पुढे, चारही काचा उघड्या. सगळ्या रस्त्यात दोघांत चार वाक्यंही झाली नाहीत. वाळवा तालुक्यातलं कृष्णाकाठचं आमचं गाव तिला सुट्टीपुरतंच ठाऊक. यायचं, आंबे खायचे, नदीवर जायचं आणि शाळा सुरू व्हायच्या आत परत.

तिचे बाबा म्हणजे माझे धाकटे दीर. ते आदल्याच दिवशी कोरोनाने गेले होते. जाऊबाई दुसऱ्या हॉस्पिटलात ऑक्सिजनवर. दोघांना एका ठिकाणी बेड मिळाला नव्हता, त्या आठवड्यात तो कुणालाच मिळत नव्हता. जाऊबाईंना अँब्युलन्सने नेलं त्या रात्रीपासून तीन रात्री चिऊ फ्लॅटमध्ये एकटी झोपली. समोरच्या बाई स्वतः पॉझिटिव्ह. त्या आपलं दार उघडं ठेवून उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या आणि ही आपल्या हॉलमध्ये दिवा चालू ठेवून पडायची. डबा मधल्या जागेत ठेवायचा, त्या आत गेल्या की हिने उचलायचा. त्या बाईंचे उपकार आम्ही जन्मभर फेडू शकणार नाही.

आणि आम्ही काय केलं? घरात सासूबाई ७४ वर्षांच्या, माझा मुलगा बारा वर्षांचा. म्हणून चिऊला चौदा दिवस माडीवर ठेवलं. वेगळं ताट, वेगळी बादली. तेव्हा सगळेच असं करत होते, डॉक्टरही तेच सांगत होते, आणि तरीही आज ते आठवलं की पोटात कालवतं. तीन रात्री एकटी काढलेल्या पोरीला आम्ही पुन्हा एकटीलाच ठेवलं. मी जिन्यात बसून तिच्याशी गप्पा मारायचे. ती कठड्याशी बसून उत्तरं द्यायची, हो, नाही, जेवले.

त्याहून मोठी चूक दुसरीच होती. बाबा गेले हे आम्ही तिला सांगितलंच नाही. "बाबा मशीनवर आहेत, त्यांना बोलता येत नाही," असं सांगितलं. जाऊबाईंनाही कुणी सांगितलं नव्हतं, त्यांची तब्येत ढासळेल म्हणून. त्या रोज दोनदा वॉर्डातून व्हिडिओ कॉल करायच्या. मास्कमधून शब्द नीट कळायचे नाहीत, पण चिऊ स्क्रीनला चिकटून असायची. ३ मेच्या पहाटे जाऊबाई गेल्या. त्यानंतरचे आठ दिवस आम्ही सांगत राहिलो, आईचा फोन बंद पडलाय, तिथं चार्जर नाही.

११ मेला ती खाली आली आणि आम्ही तिला सांगितलं. म्हणजे मीच सांगितलं. ह्यांचा आवाज फुटत नव्हता, आत्या, म्हणजे सासूबाई, भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई आणि बाबा दोघंही देवाघरी गेले, चिऊ."

तिने एवढंच विचारलं, "कधी?"

मी तारखा सांगितल्या. तिने बोटांवर मोजल्या. मग म्हणाली, "म्हणजे मी काकांच्या गाडीत बसले तेव्हाच बाबा नव्हते."

ती रडली नाही. अर्ध्या तासाने माझ्या मुलाबरोबर लुडो खेळायला बसली. आत्यांना धक्का बसला, "पोरीला कळलंय का नाही?" तिला सगळं कळलं होतं. पुढे समुपदेशक बाईंनी मला समजावलं की मूल एका वेळी झेपेल तेवढंच दुःख उचलतं, मग ते खाली ठेवून खेळायला जातं आणि पुन्हा येऊन उचलतं. मोठ्यांसारखं सलग रडत बसणं त्याला जमत नाही. पण तिला आणखीही एक गोष्ट कळली होती. या घरातली मोठी माणसं चांगली आहेत, पण खरं बोलत नाहीत. ती गाठ सुटायला वर्ष गेलं.

*

जून महिन्यात हळूहळू एकेक गोष्ट दिसू लागली. अंथरूण ओलं व्हायला लागलं. नऊ वर्षांच्या मुलीला त्याची किती लाज वाटत असेल! ती पहाटे उठून चादर स्वतःच मोरीत भिजवायची. हायवेकडून अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला की पोट दुखायचं. गावातल्या डॉक्टरांनी जंताची गोळी दिली, मग ॲसिडिटीचं औषध दिलं. पोट दुखायचं राहिलं नाही. आणि रात्री ती झोपायचीच नाही. बारा वाजून गेले तरी डोळे टक्क उघडे, उशीशी बाबांचा फोन चार्जिंगला लावलेला. मला वाटायचं अंधाराला भीत असेल. मी झिरोचा दिवा लावला. तिच्या जागण्याचं कारण वेगळंच होतं, ते मला जुलैच्या शेवटाला कळलं.

दिवसभर घरी माणसं यायची. निर्बंध होते तरी यायची, गाव म्हटल्यावर कोण थांबणार. प्रत्येक बाई तिला पदरात ओढायची. "बिचारी गं, एवढंसं लेकरू, कसं व्हायचं हिचं." चिऊ त्या मिठीत लाकडासारखी उभी राहायची. एकदा मी स्वयंपाकघरात होते आणि ती आत येऊन म्हणाली, "काकी, बिचारी म्हणजे काय?"

मी म्हटलं, "ज्याचं वाईट वाटतं तो."

"मग मी आता नेहमीच बिचारी राहणार?"

त्या दिवशी मी दारात येणाऱ्या प्रत्येकीला आधी ओसरीवर थांबवून सांगायला लागले. पोरीसमोर तो शब्द नको. रडायचं असेल तर माझ्याजवळ रडा. काहींना राग आला. एक चुलत जाऊ म्हणाली, "तुझं काळीज दगडाचं आहे." म्हणू दे.

सगळ्यात कठीण गेलं ते आत्यांना सांगणं. त्यांचा तो पोटचा मुलगा होता. चिऊ समोर आली की त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, "माझ्या बाळाची निशाणी गं तू," म्हणून हंबरडा फोडायच्या. आईला रडू नका असं कुठल्या तोंडाने सांगायचं? मग मी रोज संध्याकाळी धारेच्या वेळी त्यांना गोठ्यात घेऊन जायला लागले. म्हैस रवंथ करत असायची, मी धार काढायचे आणि आत्या पलीकडे पाटावर बसून मन मोकळं करायच्या. भाऊजींच्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या, रडायच्या, पदराने तोंड पुसून घरात यायच्या. मोठ्यांचे अश्रू मुलाने पाहण्यात काही वाईट नाही, हे मला नंतर कळलं. वाईट हे, की मोठ्यांनी आपलं रडणं मुलाच्या खांद्यावर टाकावं. नऊ वर्षांच्या पोरीने आजीची समजूत का काढायची?

*

२२ जुलैपासून पाऊस थांबेना. आमच्याकडं पाऊस लागला की सगळ्या गावाच्या तोंडी दोनच प्रश्न असतात. कोयनेतून किती सोडलंय, आणि सांगलीला आयर्विन पुलाजवळ किती फूट झालंय. पंचेचाळीस ही धोक्याची पातळी. २०१९चा महापूर ज्यांनी पाहिलाय ते पंचेचाळीसची वाट बघत नाहीत. आम्हीही दुसऱ्या दिवशीच निघायचं ठरवलं. म्हशी उंचावर नेल्या, धान्याची पोती माडीवर चढवली, कागदपत्रं पिशवीत घातली.

चिऊ तिच्या कोपऱ्यात बसून बांधाबांध करत होती. तिने बाबांचा फोन दुधाच्या पिशवीत घातला, गाठ मारली. ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, तिला गाठ. मग तिसरी. प्रत्येक गाठ दातांनी ओढून घट्ट करत होती. मी घाईत होते. म्हटलं, "दे इकडं, माझ्या पर्समध्ये ठेवते." आणि हात पुढे केला.

ती किंचाळली. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या पोरीचा मोठा आवाज ऐकला. "त्याला हात लावू नको! त्यात आईचा फोन येऊन गेलाय!"

बाहेर ट्रॅक्टर उभा होता, हे हाका मारत होते. मी तिथंच फरशीवर बसले. तिने तिन्ही गाठी सोडल्या, फोन सुरू केला आणि कॉलची यादी माझ्यासमोर धरली. जाऊबाईंचं नाव. २ मे, रात्री ११:४२. ११:४९. ११:५८. १२:१०. चारही लाल.

"मी झोपले होते," ती म्हणाली. "फोन सायलेंटवर होता."

एवढंच. पुढं ती काही बोलली नाही, मीही नाही. आम्ही ट्रॅक्टरमध्ये बसलो आणि नात्यातल्या घरी गेलो. तिथं चार रात्री काढल्या. तीन महिने ही पोर रात्री का जागत होती, ते मला त्या फरशीवर समजलं. आता फोन आला तर चुकायला नको, म्हणून जागत होती.

मलाही झोप लागली नाही. कारण फोन सायलेंटवर ठेवायला मीच सांगितलं होतं. जिन्यात उभं राहून सांगितलं होतं, "रात्री वाजायला नको हं, आजीची झोपमोड होते." तिला ते आठवत होतं की नाही, मला माहीत नव्हतं. मला आठवत होतं.

त्या चार रात्रींत माझ्या मनात एक खोटं तयार झालं होतं. सांगावं तिला, की तुझ्या आईने नंतर काकांना फोन केला होता, म्हणाली, चिऊला उठवू नका, झोपू द्या. किती सोपं होतं! पोर त्या रात्रीच शांत झोपली असती. पण आम्ही एकदा खोटं बोललो होतो आणि त्याची किंमत रोज बघत होतो. मी ते बोलले नाही. त्या काळात मी बरोबर केलेल्या मोजक्या गोष्टींतली ही एक.

*

पूर ओसरल्यावर चिखल काढून होताच मी तिला सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात घेऊन गेले. गावात कुजबुज झाली, "पोरीला वेड्याच्या डॉक्टरकडं नेतात." आत्यांनाही पटलं नव्हतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, हात मोडला असता तर आपण लेप लावून बसलो असतो का? त्या गप्प झाल्या आणि दुसऱ्या खेपेला स्वतःच डबा भरून दिला.

पंधरा दिवसांतून एकदा, एसटीने, केसपेपर हातात धरून. पहिल्या तीन-चार वेळा समुपदेशक बाईंनी तिला काहीच विचारलं नाही. चित्रं काढ, मातीचं काही बनव, नाहीतर नुसती बस. मला वाटलं, अर्धा दिवस मोडून आपण मातीत खेळायला आलो काय? पण परतताना चिऊ एसटीत खिडकीपाशी बसायला भांडायची. हे भांडणं नवीन होतं.

बाईंनी मला मात्र पहिल्याच दिवशी चार गोष्टी सांगितल्या. "देवाघरी गेले", "झोपले" असले शब्द नकोत. झोपले म्हटलं की मूल झोपायला घाबरतं, देवाने नेलं म्हटलं की देवाला घाबरतं. मेले, वारले, असं स्पष्ट म्हणा. उठणं, जेवण, अभ्यास यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा, कारण तिच्या जगात सध्या दुसरं काहीच ठरलेलं नाही. अंथरुणाबद्दल एक शब्द बोलू नका, फक्त चादर कुठं आहे ते तिला दाखवून ठेवा. आणि तिला छोट्या-छोट्या गोष्टींत निवड द्या, भाजी कोणती, फ्रॉक कोणता. जिच्या आयुष्यातलं सगळं कुणीतरी न विचारता ठरवलं, तिला काहीतरी स्वतः ठरवू द्या.

डिसेंबरात त्यांनी मला आत बोलावलं. टेबलावर कागद, त्यावर मोठा गोल. बाई म्हणाल्या, आईबाबा गेले ते कशाकशामुळे, त्याचे वाटे कर. चिऊने त्याला भाकरी म्हटलं. असाच एक गोल तिने सप्टेंबरातही केला होता, तो बाईंनी जपून ठेवला होता. त्या भाकरीचे दोनच तुकडे होते. अर्ध्यावर लिहिलं होतं कोरोना. अर्ध्यावर, मी.

या वेळी बाईंनी आधी नुसती यादी करायला सांगितली, वाटे नंतर. कोरोना. बेड मिळाला नाही. बाबांना कंपनीत जावं लागायचं. ऑक्सिजन. आईला साखर होती. डॉक्टर कमी होते. चिऊ सांगत गेली, बाई लिहीत गेल्या. शेवटी बाई म्हणाल्या, "अजून कुणी?" चिऊने पेन्सिल खाली ठेवली.

तेव्हा मी म्हटलं, "माझं नाव लिही. फोन सायलेंटवर ठेव असं मी सांगितलं होतं."

बाईंनी मान वर केली. हे मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. चिऊ माझ्याकडं बघत राहिली. तिला आठवत होतं. सगळं पहिल्यापासून आठवत होतं, आणि सात महिने ती गप्प होती. मला वाईट वाटेल म्हणून की मला राग येईल म्हणून, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

मग तिने भाकरी कापली. कोरोनाला मोठा वाटा, बेडला मोठा, ऑक्सिजनला त्याच्या खालोखाल. सगळे झाल्यावर कडेला दोरीएवढी दोन चिंचोळी फाकं उरली. एकावर लिहिलं काकी, एकावर मी. पट्टी लावून तिने ती दोन्ही सारखी केली होती.

बाईंनी विचारलं, "चिऊ, तू फोन उचलला असतास तर आई जगली असती?"

ती बराच वेळ विचार करत होती. "नाही. पण बोलली असती."

"हो," बाई म्हणाल्या. "ते बोलणं राहिलं."

बाईंनी ना तिला गप्प केलं, ना पाठ थोपटून "होतं असं" म्हटलं. त्या दिवशी चिऊ रडली. टेबलावर डोकं ठेवून, हुंदके देऊन, वीस मिनिटं तरी. एसटीत ती माझ्या मांडीवर झोपली ती स्टँड येईपर्यंत. फोन माझ्या पर्समध्ये होता. तिने स्वतःच ठेवायला दिला होता.

*

सरकारी कामांबद्दल थोडं लिहायला हवं, कारण ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना ते लागतं. आम्हाला बाल कल्याण समितीपुढं जावं लागलं. नातेवाइकांकडं मूल ठेवलं तरी समितीची नोंद असणं गरजेचं आहे, पुढचे सगळे लाभ तिथूनच सुरू होतात. घरी येऊन चौकशी करणाऱ्या ताई सभ्य होत्या, त्यांनी चिऊला आमच्याविना वेगळं बसवून विचारलं, "तुला इथं राहायचंय का?" तिला कुणी विचारलं, याचाच तिला केवढा आधार वाटला. राज्याची पाच लाखांची ठेव झाली. केंद्राच्या योजनेतून पोस्टात जिल्हाधिकाऱ्यांच्या संयुक्त नावाने खातं निघालं, त्यातले दहा लाख ती तेवीस वर्षांची झाली की मिळतील. त्याचं पासबुक ३० मे २०२२ला हातात आलं. बालसंगोपन योजनेची रक्कम आता महिना २,२५० रुपये आहे. या पैशाला आम्ही घरखर्चासाठी हात लावत नाही. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. आपण या घरावर ओझं आहोत असा विचारही तिच्या मनात यायला नको, म्हणून तिला पासबुकं दाखवून ठेवली आहेत.

पण पैशांबरोबर समारंभ आले. कुणी दप्तर द्यायचं, कुणी वह्या, कुणी सायकल. प्रत्येक वेळी स्टेजवर उभं करायचं, नाव पुकारायचं, फोटो काढायचा. पहिले तीन कार्यक्रम मी तिला घेऊन गेले, कृतज्ञता म्हणून. तिसऱ्या दप्तरानंतर ती घरी येऊन म्हणाली, "काकी, मी काय केलंय म्हणून मला बक्षीस देतात?" दुसऱ्या दिवशी पेपरात तिचा फोटो, नावासकट, "कोरोनाने अनाथ". त्या एका फोटोने आम्ही दोन महिने मागे गेलो, पुन्हा चादरी भिजायला लागल्या.

समितीतल्या ताईंनी मला सांगितलं की बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापायला बंदी आहे. २०१५चा कायदा आहे तो. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर! पुढचं निमंत्रण आलं तेव्हा मी नम्रपणे म्हटलं, मदत द्यायची तर घरी आणून द्या, फोटो काढता येणार नाही. ती मदत आली नाही. न का येईना. म्हणूनच इथंही मी तिचं नाव लिहिलेलं नाही. चिऊ हे घरातलं नाव, गावात दहा चिऊ सापडतील.

२०२१च्या ४ ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासून शाळा उघडल्या तेव्हा मी आधीच जाऊन वर्गशिक्षकांना भेटले. म्हटलं, तिला पहिल्या बाकावर बसवून गोंजारू नका, गृहपाठ केला नाही तर इतरांना बोलता तेवढंच बोला. सरांना आधी विचित्र वाटलं, मग पटलं.

घरात मात्र मीच ते पाळत नव्हते. माझा मुलगा एके दिवशी फुटला. "तू तिला कधीच ओरडत नाहीस. ती पाहुणी आहे का?" चिऊने त्याच्या प्रयोगवहीवर शाई सांडली होती आणि मी म्हटलं होतं, जाऊ दे. तो बरोबर होता. मी चिऊला बोलावलं आणि रागावले. खोटंखोटं नाही, चांगलीच रागावले, आणि सगळी वही पुन्हा उतरवून द्यायला लावली. ती तोंड फुगवून बसली, रात्री दहापर्यंत लिहीत होती. दादाने शेवटच्या दोन आकृत्या काढून दिल्या. त्या रात्री तिने तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि आजीच्या कुशीत जाऊन झोपली. मला तेव्हा कळलं, रागावतात ते घरच्यांना.

*

आत्मविश्वास यावा म्हणून मी सुरुवातीला तिचं सारखं कौतुक करायचे. छान चित्र, छान अक्षर, शाबास. ती ऐकून घ्यायची, चेहऱ्यावर रेषा हलायची नाही. न कमावलेलं कौतुक आणि न मागितलेलं दप्तर तिला सारखंच वाटत असणार.

खरा फरक पडला तो भलत्याच ठिकाणी. मी आमच्या बचत गटाची सचिव. चौदा बायका, महिना शंभर रुपये बचत, गटातल्या गटात कर्ज, शेकडा दोन रुपये व्याज. बैठक आमच्या ओसरीवर होते. २०२२च्या पावसाळ्यात चिऊ माझ्याशेजारी बसून वही बघत होती. मी एकीचं व्याज लिहिलं, शंभर रुपये. चिऊ हळूच म्हणाली, "काकी, पन्नास."

मी म्हटलं, "पाच हजारांचं शंभर होतं."

"पण त्यांनी मागच्या महिन्यात अडीच हजार फेडलेत. हे बघ."

बरोबर होतं. मी मागचं पान बघितलंच नव्हतं. चौदा बायकांसमोर माझी चूक निघाली आणि ज्या बाईचे पन्नास वाचले ती म्हणाली, "बघा, आपल्याला हिशेबनीस मिळाली." तिच्या आवाजात दया नव्हती. तिचे पन्नास रुपये खरोखर वाचले होते.

पुढच्या बैठकीला त्याच बाईने येताच विचारलं, "चिऊ कुठाय? ती आल्याशिवाय वही उघडू नका." चिऊ दाराआड उभी राहून ते ऐकत होती. मी तिचा चेहरा पाहिला. सव्वा वर्षात कुणीतरी पहिल्यांदा तिची गरज आहे म्हणून तिची वाट बघत होतं. तेव्हापासून जमाखर्च पडताळायचं काम तिच्याकडं आहे. परीक्षा असेल तेव्हा सोडून. बायका तिला चुका दाखवतात, ती त्यांना दाखवते, एकदा तर वाद इतका रंगला की चहा निवून गेला.

सगळं सरळ होत गेलं असं मात्र नाही. एप्रिल महिना आला की दहा-पंधरा दिवस आधीच तिचं पोट दुखायला लागतं, तारीख लक्षात नसली तरी. पहिल्या वर्षश्राद्धाला तर ताप आला होता. आता आम्हीच मार्चअखेर कॅलेंडरवर दोन्ही तारखांना खूण करतो आणि त्या दिवशी काय करायचं हे तीच ठरवते. एक वर्ष तिने आईची साबुदाण्याची खिचडी केली, एक वर्ष म्हणाली काहीच नको, शाळेत जाते. आठवीत एकदा मैत्रिणींशी बिनसलं आणि रात्री म्हणाली, "मी नसते तर बरं झालं असतं." मी हादरले. तिला जवळ बसवून सरळ विचारलं, "मरावंसं वाटतंय का?" ती म्हणाली, "नाही, फक्त नकोसं वाटतंय." तरीही तिच्यासमोर १४४१६ला फोन लावला. टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, रात्रीही लागते, पैसे पडत नाहीत. आधी मी बोलले, मग ती आतल्या खोलीत जाऊन पाऊण तास बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात आम्ही पुन्हा सिव्हिलच्या बाईंकडं गेलो.

ती मला काकीच म्हणते. सुरुवातीला आत्यांना वाटायचं तिने मला आई म्हणावं. तिची आई आहे, मी काकी आहे. एवढं पुरेसं आहे आम्हा दोघींना.

आता ती नववीत आहे. बाबांचा फोन कपाटात असतो, फुगलेली बॅटरी एकदा बदलून आणली. रिचार्ज केलं नाही तर नंबर बंद होतो म्हणून मी इतकी वर्षं न चुकता रिचार्ज मारत आलेय. गेल्या महिन्यात ती अभ्यास करता-करता म्हणाली, "काकी, या वेळी बाबांचं रिचार्ज नको मारू. उगाच पैसे."

मी बरं म्हटलं.

चार दिवसांनी सकाळी वेणी घालताना आरशातून म्हणाली, "मारलंस का?"

"नाही, तू नको म्हणालीस ना."

"मार," ती म्हणाली. "अजून एक वर्ष."

मी वर्षाचंच मारलं.